‘पुन्हा लिहा’ म्हणायला काय जातं?

आपल्या क्षेत्रातला सगळ्यात स्वस्त सल्ला कोणता असेल, तर तो म्हणजे "नवीन व्हर्जन आलंय, जुनं तेवढं पुन्हा लिहून काढा!" सांगणाऱ्याचं एक वाक्य खर्च होतं आणि ऐकणाऱ्याचे सहा महिने. व्हायवाला एक्स्टर्नल सर सहज विचारतात, "हे दुसऱ्या लँग्वेजमध्ये का नाही केलं?" आणि आपण कसनुसं हसतो, तसलाच हा प्रकार. पण व्हायवा दहा मिनिटांत आटोपते आणि सरही फारसा आग्रह धरत नाहीत. प्लॅटफॉर्म मात्र आग्रह धरतो. तारीख देतो. आणि त्या तारखेला तुमचं सॉफ्टवेअर बंद पाडतो.

ज्या सॉफ्टवेअरवर इतर लोक आपापलं काम रचतात तो प्लॅटफॉर्म, आणि त्याला येऊन जोडली जाणारी छोटी सॉफ्टवेअर्स म्हणजे ॲड-ऑन्स. प्लॅटफॉर्मने मोठी नवी आवृत्ती आणली की या ॲड-ऑनवाल्यांचं काय करायचं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण डिग्री हातात पडली की आपल्यातले बरेचजण या दोनपैकी एका बाजूला जाऊन बसणार आहेत. कोणी प्लॅटफॉर्म बांधेल, कोणी त्याच्या आधाराने पोट भरेल. तेव्हा आत्ताच थोडं भांडून घेऊ.

भांडणासाठी उदाहरण घेतो फायरफॉक्सचं. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली. ‘क्वांटम’ असं भारदस्त नाव, वेग चांगलाच वाढलेला, सगळीकडे कौतुक. पण जुन्या पद्धतीने लिहिलेली सगळी ॲड-ऑन्स या आवृत्तीत एका फटक्यात बंद! यादीत त्यांच्या नशिबी ‘लेगसी’ असा शिक्का आला आणि शेजारी ‘पर्याय शोधा’ अशा अर्थाचं एक बटण. कोणी म्हणालं, गरज सरो वैद्य मरो. कोणी म्हणालं, जुनं पान गळल्याशिवाय नवी पालवी फुटत नाही. मला विचाराल तर, जुनं तोडणं बरोबरच होतं. पण आधी पर्याय द्यायचा आणि मग जुनं बंद करायचं, हा साधा क्रम पुरता पाळला गेला नाही. आणि त्याची किंमत भरली ती मुख्यतः फुकट काम करणाऱ्यांनी.

आधी हे ‘वैद्य’ कोण होते ते पाहू. फायरफॉक्स १.० आला ९ नोव्हेंबर २००४ ला. त्या वेळी जवळजवळ सगळं जग इंटरनेट एक्स्प्लोरर वापरत होतं, आणि त्याची सहावी आवृत्ती २००१ मध्ये काढून मायक्रोसॉफ्ट निवांत बसली होती. सातवी यायला २००६ चा ऑक्टोबर उजाडला. या पाच वर्षांच्या झोपेत फायरफॉक्सने जम बसवला. त्याची एक मोठी युक्ती अशी, की ब्राउझर स्वतः आटोपशीर ठेवायचा आणि ज्याला जे जास्तीचं हवं ते त्याने ॲड-ऑन म्हणून जोडावं. मग लोकांनी जोडायला सुरुवात केली. जाहिराती अडवणारं कोणी लिहिलं, डाऊनलोड सांभाळणारं कोणी लिहिलं. २००६ मध्ये फायरबग आलं आणि वेब पेजच्या पोटात शिरून चूक शोधायची सोय झाली. आज बहुतेक डेस्कटॉप ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं की जो डबा उघडतो, त्याच्यावर फायरबगची छाप आहे. संशोधन करणाऱ्यांचं लाडकं झोटेरो त्याच वर्षी फायरफॉक्सचं ॲड-ऑन म्हणूनच जन्माला आलं. ब्राउझर बंद पडला तरी उघडे टॅब परत मिळण्याची सोयसुद्धा आधी ॲड-ऑनमध्ये होती, नंतर ती फायरफॉक्स २ मध्ये आत घेतली गेली.

म्हणजे ॲड-ऑन हा नुसता दागिना नव्हता. प्लॅटफॉर्मवाल्यांना न सुचलेल्या गोष्टी आधी तिथे सुचायच्या, तिथेच तपासल्या जायच्या, आणि चांगल्या ठरल्या तर घरात यायच्या. पगार न घेणारी संशोधन शाखाच म्हणा ना!

आता हे सगळं शक्य कसं होत होतं? फायरफॉक्सची खिडकी, मेनू, बटणं, सगळं ज्या भाषेत लिहिलेलं होतं तिचा उच्चार ‘झूल’. योगायोग बघा, आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकतात तीही झूल, आणि काम जवळपास तेच! ॲड-ऑनवाला आपली एक झूल विणायचा आणि ती ब्राउझरच्या अंगावर पसरायचा. त्याच्या मेनूत आपलं कलम घुसवायचा, त्याच्या टूलबारवर आपलं बटण शिवायचा. एवढंच नव्हे, तर ब्राउझरच्या आतलं एखादं फंक्शन काढून त्याच्या जागी स्वतःचं बसवायचीही मुभा होती. परवानगी कुणाला विचारायची गरज नाही. कॉम्प्युटरवरची फाईल वाचा, नेटवर्कवर थेट सॉकेट उघडा, काहीही करा. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला याहून सुंदर खेळणं कुठलं मिळणार?

पण अशा स्वातंत्र्याची दुसरी बाजू असते. तुम्ही आतल्या फंक्शनला हात घातलात की ते फंक्शन आता फक्त मोझिलाचं राहत नाही. त्यांनी त्याचं नाव बदललं तरी तुमचं ॲड-ऑन मोडतं. म्हणून प्रत्येक ॲड-ऑनमध्ये ‘मी अमुक आवृत्तीपर्यंत चालेन’ असा आकडा लिहावा लागायचा. नवी आवृत्ती आली की लेखकाने तपासायचं आणि आकडा वाढवायचा. २०११ पासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली, तेव्हा तर हे काम म्हणजे दर पंधरवड्याच्या जर्नल सबमिशनसारखं झालं. शेवटी २०१२ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून बहुतेक ॲड-ऑन्स ‘चालतील’ असंच गृहीत धरलं जाऊ लागलं. त्रास थोडा कमी झाला, मूळ दुखणं तसंच राहिलं.

आणि हे दुखणं साधं नव्हतं. क्रोम २००८ च्या सप्टेंबरमध्ये आला तोच वेगवेगळ्या प्रोसेस घेऊन. एक टॅब कोसळला तरी बाकीचे शाबूत. फायरफॉक्समध्ये ब्राउझर आणि पानं एकाच प्रोसेसमध्ये नांदत होती. ती वेगळी करायचं काम २००९ मध्येच सुरू झालं, पण सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोचायला २०१६ चा ऑगस्ट आणि ४८वी आवृत्ती उजाडली, तीही आधी थोड्याच लोकांसाठी. इतका उशीर का? अनेक कारणांतलं एक मोठं कारण ही ॲड-ऑन्सच होती. ‘पान माझ्या शेजारीच आहे, हात लांब केला की मिळतं’ असं धरून ती लिहिलेली होती. पान दुसऱ्या प्रोसेसमध्ये गेल्यावर त्यांना जुनंच चित्र दिसावं म्हणून मध्ये एक सोंग उभं केलं होतं. ॲड-ऑनने पानाकडे काही मागितलं की हे सोंग दुसऱ्या प्रोसेसला निरोप धाडायचं आणि उत्तर येईपर्यंत सगळं थांबवून धरायचं. चालायचं, पण रखडत.

सुरक्षिततेचं तर विचारूच नका. चांगल्या हेतूच्या ॲड-ऑनला जे दार उघडं तेच चोरालाही उघडं. म्हणून ‘मोझिलाने विश्वासघात केला’ ही ओरड मला पटत नाही. आपल्याकडच्या जुन्या चाळीचं घ्या. भिंतींना तडे गेलेत, जिना हलतोय, पावसाळ्यात रोज नवा टेकू लागतोय. अशा वेळी रिडेव्हलपमेंट हवी यावर वाद नसतो. वाद असतो तो पुढचा. नव्या इमारतीच्या नकाशात माझा पोटमाळा कुठे आहे? आणि नवी खोली ताब्यात येईपर्यंत मी राहायचं कुठे?

या दोन प्रश्नांवर मात्र मी ॲड-ऑनवाल्यांच्या बाजूने उभा आहे.

तारखा बघा. ऑगस्ट २०१५ मध्ये मोझिलाने जाहीर केलं, की यापुढे ‘वेबएक्स्टेन्शन’ ही नवी पद्धत येणार आणि जुनी जाणार. ही पद्धत क्रोमच्या पद्धतीशी मिळतीजुळती होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये सांगितलं, की ५७व्या आवृत्तीपासून फक्त हीच चालेल. म्हणजे पहिल्या घोषणेपासून सव्वादोन वर्षं मिळाली. कागदावर भरपूर वाटतात. पण या काळात नवी पद्धत स्वतःच घडत होती. ॲड-ऑनला ब्राउझरकडून काम करून घ्यायला जी अधिकृत दारं लागतात, म्हणजे एपीआय, ती हळूहळू बसवली जात होती. टॅब लपवायची साधी सोय घ्या. टॅबचे गट सांभाळणाऱ्या ॲड-ऑनचा तो प्राणवायू! ती नव्या पद्धतीत आली २०१८ मध्ये, म्हणजे जुनी बंद झाल्यानंतर. आता त्या लेखकाने २०१६ साली काय करायचं होतं? लिहायला बसावं तर दार नाही. दाराची वाट पाहावी तर तारीख जवळ येतेय.

याहून चटका लावणारी गोष्ट आज्ञाधारक मुलांची. मोझिलाने २००९ मध्ये ‘जेटपॅक’ नावाने एक नवी, सुटसुटीत पद्धत सुरू केली आणि २०११ मध्ये तिचं पक्कं टूलकिट दिलं. झुलीच्या भानगडीत पडू नका, यात लिहा, म्हणजे दर नव्या आवृत्तीला मोडणार नाही, असा एकूण रोख होता. अनेकांनी ऐकलं. जुनं टाकून या पद्धतीत लिहिलं. आणि ५७व्या आवृत्तीत झुलीबरोबर हीसुद्धा बंद! झूलवाल्याने एकदाच पुन्हा लिहिलं, सांगितलेलं ऐकणाऱ्याने दोनदा. वर्गात वेळेवर सबमिशन देणाऱ्यालाच सरांनी नवीन फॉरमॅटमध्ये परत लिहायला सांगावं, तसं झालं. पुढच्या वेळी तो वेळेवर देईल का?

‘पुन्हा लिहा’ यात नेमकं काय करावं लागतं, हेही नीट समजून घेऊ. अनेकांना वाटतं, जुन्या फंक्शनच्या जागी नव्याचं नाव टाकलं की झालं. तसं नसतं. जुन्या पद्धतीत सेटिंग वाचायची म्हणजे एक ओळ, आणि उत्तर तिथल्या तिथे. नव्या पद्धतीत तुम्ही मागणी करता आणि उत्तर मागाहून येतं. म्हणजे जे फंक्शन सेटिंग वाचतं तेही थांबायला शिकलं पाहिजे, त्याला हाक मारणारंही, आणि त्यालाही हाक मारणारं! एका ओळीचा हा बदल सगळ्या प्रोग्रामभर पसरतो. पुन्हा पानात काम करणारा भाग वेगळा, मागे बसून कारभार पाहणारा भाग वेगळा, आणि दोघांनी फक्त निरोपांनी बोलायचं. एकत्र कुटुंब मोडून दोन घरं मांडल्यासारखंच. शिवाय वापरकर्त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेली माहिती जुन्या जागी अडकलेली. ती हलवता यावी म्हणून जुन्या ॲड-ऑनच्या पोटात नवं ठेवण्याची सोय मोझिलाने केली होती. मोझिलाच्या बाजूने ही एक गोष्ट मी आवर्जून नोंदवतो, कारण माहितीची काळजी फार थोडे प्लॅटफॉर्म करतात. ५२व्या आवृत्तीची एक दीर्घ मुदतीची शाखा होती, तिच्यात जुनी ॲड-ऑन्स २०१८ पर्यंत चालत राहिली, हेही खरं.

निकाल काय लागला? थोडे पास, काहींना केटी, काही ड्रॉप!

नोस्क्रिप्टने आठवड्याभरात नवी आवृत्ती आणली. आणणाऱ्याला शाबासकी मिळायला हवी होती. पण चेहरामोहरा बदललेला पाहून वापरकर्ते त्याच्यावरच चिडले. डाऊनदेमऑल २०१९ मध्ये परत आलं, पण अंगाने उतरून. एकाच फाईलचे तुकडे करून एकदम उतरवण्याची जी त्याची ओळख होती, तीच नव्या दारांतून शक्य नव्हती. फायरएफटीपीला थेट सॉकेट लागायचं, ते मिळेना, आणि ते संपलं. ब्राउझर फक्त कीबोर्डवर चालवणारं व्हिम्परेटर गेलं. त्याच्या जागी ट्रायडॅक्टिल हे दुसऱ्याच लोकांनी नव्याने लिहिलं. झोटेरोने तर फायरफॉक्समधला आपला संसारच आवरला आणि २०१७ मध्ये पूर्णपणे स्वतंत्र सॉफ्टवेअर म्हणून वेगळं घर केलं. ब्राउझरमध्ये उरलं ते फक्त निरोप पोचवणारं छोटं बटण. माझ्या मते सगळ्यात शहाणा निर्णय झोटेरोचाच!

ग्रीसमंकीची गोष्ट तर आणखी मजेशीर. हे ॲड-ऑन स्वतःच एक छोटा प्लॅटफॉर्म आहे. लोक त्याच्यासाठी लहान-लहान स्क्रिप्ट लिहितात. २०१७ मध्ये ग्रीसमंकीची चौथी आवृत्ती नव्या पद्धतीत आली, तेव्हा त्याच्या स्वतःच्या फंक्शनांचं रूप बदललं आणि कित्येक स्क्रिप्ट मोडल्या. म्हणजे मोझिलाने ग्रीसमंकीला सांगितलं ‘पुन्हा लिहा’, आणि ग्रीसमंकीने आपल्या लेखकांना सांगितलं ‘पुन्हा लिहा’. सासूने सुनेला, सुनेने मोलकरणीला! वरून निघालेला हुकूम खाली येता येता अशा माणसापर्यंत पोचतो, की ज्याने पाच वर्षांपूर्वी एका रविवारी वीस ओळी लिहिल्या होत्या आणि आता त्याला त्या आठवतही नाहीत.

माझा खरा मुद्दा इथे आहे. ॲड-ऑन लिहिणारे हे बहुतेक असेच लोक होते. नोकरी करून, कॉलेज करून, रात्री जागून लिहिणारे. वापरकर्त्याला मात्र हे दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं, की काल चालत होतं, आज बंद आहे. निर्णय घेतला प्लॅटफॉर्मने आणि एक स्टार मिळाला ॲड-ऑनवाल्याला! फुकट काम करणाऱ्याला सगळ्यात आधी संपतो तो वेळ नव्हे, उत्साह. आणि उत्साह कुठल्याही आवृत्तीत परत मिळत नाही.

कोणी म्हणेल, शंभरातली पाच ॲड-ऑन्स गेली तर काय बिघडलं? बिघडलं काय ते टॅबच्या गटांवरून बघा. २०११ मध्ये चौथ्या आवृत्तीत फायरफॉक्सने स्वतःच टॅबचे गट करायची सोय दिली. वापरणारे कमी म्हणून २०१६ मध्ये ४५व्या आवृत्तीत ती काढली. एका लेखकाने तोच कोड उचलून ॲड-ऑन म्हणून जिवंत ठेवला. ५७व्या आवृत्तीत ते ॲड-ऑन गेलं. आणि २०२५ मध्ये? फायरफॉक्सने टॅबचे गट पुन्हा स्वतःच आणले, मोठ्या कौतुकाने! बाजूला उभे टॅब लावायची सोयही त्याच वर्षी आली. तीसुद्धा ट्री स्टाईल टॅबसारखी ॲड-ऑन्स कितीतरी आधीपासून देत होती. म्हणजे ज्यांना आपण ‘थोडेसे हट्टी लोक’ समजतो, त्यांची आजची सवय अनेकदा उद्या सगळ्यांची गरज होते. शंभरातली ती पाच कोणती हे आधी कळत नाही, म्हणून तर सांभाळायची.

आता तुम्ही म्हणाल, टीका करणं सोपं आहे, दुसरा मार्ग होता का? पायथॉनचा मार्ग डोळ्यांसमोर आहे. पायथॉन ३ आला डिसेंबर २००८ मध्ये आणि जुन्याशी जुळणारा नव्हता. पायथॉन २ ला निरोप द्यायचं आधी २०१५ मध्ये ठरलं होतं, ते पुढे ढकलून १ जानेवारी २०२० केलं. अकरा वर्षं! एवढी लांबण फार छान होती असं मी म्हणणार नाही. दोन-दोन आवृत्त्या सांभाळताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. पण त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. युनिकोड अक्षरमाला लिहिताना आधी एक छोटं ‘यू’ लावायची जुनी रीत पायथॉन ३ ने काढून टाकली होती. नव्या भाषेला त्याची काहीच गरज नव्हती. पण लोकांचा एकच कोड दोन्हीकडे चालावा म्हणून २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत ती रीत परत आणली. शुद्ध व्याकरणापेक्षा लिहिणाऱ्याची सोय मोठी मानली. प्लॅटफॉर्मने एक पाऊल मागे घेतलं म्हणून हजारो लोकांना पुढे येता आलं. याला मी मोठेपणा म्हणतो.

हा विषय २०१७ मध्ये संपला असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण तोच खेळ क्रोममध्ये नव्याने झाला. गुगलने एक्स्टेन्शनच्या नियमांची तिसरी आवृत्ती आणली, ‘मॅनिफेस्ट व्ही-३’. २०२४ पासून दुसऱ्या आवृत्तीची एक्स्टेन्शन्स टप्प्याटप्प्याने बंद केली गेली. नव्या नियमांत मागे बसून कारभार पाहणारा भाग तीस सेकंद काम नसलं की झोपवला जातो आणि त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं. मी स्वतः एक लहानसं एक्स्टेन्शन लिहून हे पाहिलंय. साधा मोजणीचा व्हेरिएबलसुद्धा जपून कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. हे एक वेळ ठीक आहे, मेमरी वाचते. पण जाहिराती अडवणाऱ्यांचं दुखणं वेगळं. आधी ते नेटवर्कवर जाणारी प्रत्येक मागणी स्वतः तपासून अडवू शकत. आता नियमांची यादी आधीच ब्राउझरला द्यायची आणि तपासणी ब्राउझरने करायची. त्यामुळे यूब्लॉक ओरिजिन जसंच्या तसं नव्या नियमांत बसेना आणि त्याच्या कर्त्याला ‘लाइट’ नावाचं वेगळं, कमी ताकदीचं रूप काढावं लागलं. सुरक्षिततेचं कारण खोटं आहे असं नाही. पण ज्याचं मोठं उत्पन्न जाहिरातींवर, त्यानेच जाहिरात अडवणाऱ्यांचे नियम बदलावेत, तेव्हा लोकांच्या भुवया उंचावणारच.

फायरफॉक्सने मात्र तिसरी आवृत्ती स्वीकारताना मागण्या अडवायचं जुनं दार उघडंच ठेवलं. हे २०१७ च्या अनुभवातूनच आलं की नाही ते मोझिला जाणे, पण मला ते शहाणपणाचं लक्षण वाटतं.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. प्लॅटफॉर्मवाल्याने बदल जरूर करावा. फक्त जुनं दार बंद करण्याची तारीख कॅलेंडर बघून ठरवू नये, नवी दारं बघून ठरवावी. लोक जास्तीत जास्त वापरतात अशा ॲड-ऑन्सची यादी करावी, त्यातलं प्रत्येक नव्या पद्धतीत लिहिता येतं का ते पाहावं, आणि ज्याला दारच नाही त्याला ‘पर्याय शोधा’ म्हणण्याऐवजी ‘हे जमणार नाही’ असं दोन वर्षं आधी स्पष्ट सांगावं. नकार परवडतो, लटकत ठेवणं परवडत नाही. आणि ज्यांनी आधीचा सल्ला ऐकला त्यांना तरी दुसऱ्यांदा शिक्षा करू नये.

ॲड-ऑनवाल्यानेही थोडं सावध राहावं. आपल्या कामाचा गाभा आणि प्लॅटफॉर्मशी बोलणारा भाग वेगवेगळ्या फाईलींत ठेवावा. घर बदलावं लागलं तर भिंती सोडून सामान तरी नेता येतं. वापरकर्त्याची माहिती साध्या फाईलमध्ये बाहेर काढता यावी. ‘आतल्या’ फंक्शनला हात घालण्याचा मोह होतो, तो घालावासुद्धा, पण ती उसनी जागा आहे हे लक्षात ठेवून.

हे फक्त अमेरिकेतल्या कंपन्यांना लागू आहे असं समजू नका. आपल्या टेक-फेस्टची वेबसाईट दरवर्षी नवी कमिटी पहिल्यापासून लिहिते. मागच्या बॅचने रजिस्ट्रेशनला, सर्टिफिकेटला, हिशोबाला जोडलेले छोटे-छोटे भाग त्यात जातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अरे, नवीन फ्रेमवर्क आहे, लिहू परत!" कोण लिहिणार? बहुधा सेकंड इयरचा एक पोरगा, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. पुढच्या वर्षी कमिटीत असाल तर निदान एक करा. जुन्या साईटचे कोणते भाग कोण वापरतंय याची यादी आधी करा, आणि नवीन भाग चालू झाल्यावरच जुना बंद करा. एका संध्याकाळचं काम आहे.

आणि जे फक्त वापरतात, त्यांच्यासाठी एकच विनंती. तुमचं आवडतं एखादं फुकटचं ॲड-ऑन नव्या आवृत्तीत मोडलं, तर एक स्टार देण्याआधी ते कोणी मोडलं याची चौकशी करा. आणि ज्याने ते पुन्हा लिहून चालू केलं, त्याला दोन ओळींचं आभाराचं पत्र पाठवा. मेसच्या रांगेत उभं राहून लिहिता येईल इतकं ते सोपं आहे, आणि पुढचं ‘पुन्हा लिहा’ आलं की त्या माणसाने बसायचं की उठून जायचं, हे कदाचित त्या दोन ओळींवर ठरेल.